खाजरं अळू

दुबईत आल्यापासून मी हॉटेलात जेवायला जाते ती परीक्षेला बसल्यासारखी. माझ्या लेकीला कोळंबी चालत नाही. "चालत नाही" हे आपलं लोकांना सांगायला. खरं म्हणजे कोळंबी, खेकडा, त्या जातीतलं काहीही पोटात गेलं तर तिचा घसा आतून सुजतो आणि श्वास बंद होऊ शकतो. मी रेवदंड्याची. माहेरी जवळ्याशिवाय पान हलत नसे, आणि पोटी ही अशी. तिचं हे दुखणं कळलं त्या दिवसापासून त्या इवल्या सुक्या कोळंबीला आमच्या घरात बंदी आहे. अशा वेळी लगेच टोचायचं इंजेक्शनचं पेन मात्र माझ्या पर्समध्ये कायम असतं.

यंदा वाढदिवसाला तिला फिलिपिनो जेवण हवं होतं. वर्गातली तिची मैत्रीण तिथली, तिच्या डब्याच्या सुरस कथा रोज घरी यायच्या. मी बर्गर सुचवला, पिझ्झा सुचवला, घरी श्रीखंड-पुरी करते म्हटलं.

"आई, यू आर स्केअर्ड ऑफ एव्हरीथिंग," लेक म्हणाली.

खोटं नव्हतं ते. नवरा गाडीची किल्ली उचलत म्हणाला, "अगं, विचारून विचारून खाऊ. यल्ला, चला." झालं, इंटरनॅशनल सिटीतल्या घरून आम्ही करामातल्या फिलिपिनो हॉटेलात निघालो.

दारातच "हॅलो मॅम-सर" म्हणत एक हसरी वेट्रेस आली. कुठला पदार्थ कुठल्या बेटावरचा, हे ती कौतुकानं सांगत होती आणि मी फौजदारासारखी उलटतपासणी घेत होते. यात कोळंबी? त्यात? तेल तेच वापरता? बिचारी दर वेळी आत जाऊन विचारून यायची. शेंगदाण्याच्या रश्श्यातलं मटण चालेल म्हणाली, सोबतची चटणी कोळंबीची असते, ती आणतच नाही. आलं नि व्हिनेगरमध्ये मुरवलेला कच्चा मासाही चालेल. मग आमचं जेवण सुरळीत सुरू झालं. लेक खूश, नवरा खूश. मीसुद्धा जरा सैल बसले.

तेवढ्यात शेजारच्या टेबलावर एक काळपट हिरवी भाजी दिसली. मी तिथून जाणाऱ्या दुसऱ्या एका वेटरला विचारलं, हे काय? लाइंग, तो म्हणाला, त्यांच्या बिकोल भागातलं. टॅरोची पानं, नारळाचं दूध, मिरची.

"अय्या, अळू!" मी म्हटलं. "आण, आण."

अख्ख्या जेवणात "यात कोळंबी?" असं मी विचारलं नाही ते या एकाच पदार्थाबद्दल. अळूच्या भाजीत काय विचारायचं? श्रावणात चालते, लग्नाच्या पंगतीत चालते. वाटी आल्यावर मी स्वतःच्या हातानं आधी लेकीला वाढलं. "घे, हे आपलंच आहे."

ती चार घास आवडीनं जेवली. मी नवऱ्याच्या फोनमधले फोटो बघत होते.

"आई, माय थ्रोट इज इची."

"अळू खाजरं निघालं असेल," मी मान वर न करता म्हटलं. "चिंच घातली नसेल मेल्यांनी. लिंबू चोख."

नवरा हसला. "त्यांना जाऊन अळूचं फदफदं शिकव आता."

लेकीनं निमूटपणे लिंबाची फोड तोंडात धरली. अळू कितपत खाजरं आहे ते बघावं म्हणून मी एक चमचा तोंडात घातला.

जवळा. नारळाच्या दुधात विरघळलेला, खारट, आमच्या चुलीवरचा. कित्येक वर्षांत ती चव माझ्या जिभेला लागली नव्हती. मला इतकं बरं वाटलं की डोळे मिटले.

उघडले तेव्हा लेकीचे ओठ सुजले होते.

मी पर्समधून पेन काढलं. नवरा अँब्युलन्सला फोन करत होता, ती वेट्रेस धावत आली होती. पेन मांडीत खुपसायचं असतं, कपड्यावरूनच. घरी मी संत्र्यावर सराव केला होता. पण संत्रं माझ्याकडे बघत नव्हतं. माझा हात हवेतच राहिला. शेवटी लेकीनंच माझं मनगट धरून आपल्या मांडीवर ओढलं. "डू इट, आई." आवाज शिट्टीसारखा बारीक झाला होता.

मी दाबलं.

हॉस्पिटलात संध्याकाळपर्यंत मी तिच्या छातीचं वरखाली होणं बघत बसले. नजर काढली तर थांबेल असं वाटत होतं. तोंडात जवळ्याची चव तशीच होती. पाणी प्यायचंही सुचलं नव्हतं.

सूज उतरल्यावर ती घोगऱ्या आवाजात म्हणाली, "वॉज इट दॅट गुड?"

"काय गं?"

"द थिंग आय कान्ट ईट. युवर फेस, आई. यू लुक्ड सो हॅपी."

मी मानेनंच हो म्हटलं.

आता बाहेर जेवताना पहिला घास मी खाते. घरून निघाल्यापासून भीती वाटतच असते, पण निदान आधी माझ्या जिभेवरून जाऊ दे. लेक चमचा हातात धरून माझ्या तोंडाकडे बघत राहते. मला घास फार आवडलेला दिसला, की ती चमचा खाली ठेवते.