वाटूर फाट्यावर सांगितलेला पासवर्ड

प्राध्यापक भुजंग तौर यांनी जालन्याच्या कॉलेजात उभ्या नोकरीत एकच गोष्ट शिकवली. पासवर्ड कुणाला सांगायचा नसतो.

एक्क्याऐंशी साली वाटूरजवळच्या खेड्यातून ते शिकायला आले आणि पुढे तिथंच शिकवू लागले. कॉलेजात संगणक आला तेव्हा खोलीबाहेर चपला काढाव्या लागत, कारण त्याला धूळ सोसत नसे. आत गेल्यावर मात्र कुणीही काहीही उघडावं. एका विद्यार्थ्यानं आपले नापासाचे गुण पासाचे करून घेतले, तेव्हा प्राचार्य म्हणाले, "हुशार दिसतो." सरांच्या संशोधनाची सुरुवात ही अशी झाली.

त्यांनी संगणकाला कुलूप घालणारं सॉफ्टवेअर लिहिलं. हेडक्लार्क अप्पाराव दुखावले.

"सर, आमच्या गल्लीत कुलूप लावलं तर चावी शेजारी ठिवतेत. तुम्ही शेजाऱ्यालाच चोर समजून राह्यले."

सर पासवर्ड बदलत, अप्पाराव अडीनडीला लागेल म्हणून तो विचारून घेत, आणि आठवड्याभरात तो कॅन्टीनमध्ये पोचे.

दोन हजार एक साली संशोधन केंद्राच्या मान्यतेसाठी समिती येणार होती. मान्यता मिळाली तर सरांच्या हाताखाली संगणकाच्या सुरक्षेवर पीएच.डी. होणार, नाही तर निवृत्तीपर्यंत कारकुनांना टायपिंग शिकवणं आलं. शनिवारी सरांनी पासवर्ड बदलला, कुणालाही न सांगता गावी गेले, आणि सोमवारी परतताना वाटूर फाट्यावर बसचा पाटा तुटून ती जागीच बसली.

त्यांनी कडूबाच्या एसटीडी बूथवरून फोन लावला.

"समितीचा चहा झाला, पोहे झाले," अप्पाराव म्हणाले. "सॉफ्टवेअर उघडून दाखवा म्हणतेत, न्हाई तर निघतो. पासवर्ड सांगा."

सरांनी मागं पाहिलं. दारात रांग होती. पुढं चतुराबाई, अंकुशनगरच्या लेकीला फोन लावायला आलेल्या. सर कुजबुजले.

"काहीच ऐकू येत न्हाई, सर."

"एम," सर जरा मोठ्यानं म्हणाले. "एन नाही. एम."

"मोसंबीचा म म्हना की, मास्तर," चतुराबाई म्हणाल्या. "समद्यांचा खोळंबा करून राह्यले."

सर ओरडले. अप्पारावांनी सगळं पुन्हा सांगायला लावलं. सरांनी पुन्हा सांगितलं.

"शेवटी सात, सर," कडूबा म्हणाला. "मघाशी सात म्हणले, आता आठ सांगून राह्यले. बराबर सांगा."

सातच होता.

दुपारी सर पोचले तेव्हा समिती मान्यतेची शिफारस करून गेली होती. शेरा होता: पासवर्ड प्रा. तौर यांच्याखेरीज कुणालाही ठाऊक नाही, ही शिस्त वाखाणण्याजोगी. सरांनी शेरा वाचला, अप्पारावांकडे पाहिलं आणि लगेच पासवर्ड बदलला.

शनिवारी ते फाट्यावर उतरले. चतुराबाई बूथपाशीच होत्या.

"तोच हाय ना अजून, मास्तर?"

"बदलला."

"मंग नवा कडूबापाशी सांगून ठिवा. पुन्यांदा गाडी बंद पडली म्हंजे?"

"तो सांगायचा नसतो, बाई," सर म्हणाले आणि गावाच्या वाटेला लागले. अर्ध्या वाटेत त्यांनी तो सहज मनात म्हणून पाहिला. शेवटी सहा होता की नऊ, काही केल्या आठवेना. आणि या खेपेला विचारायलाही कुणी नव्हतं.