नवारमावशीची गाडी

नवारमावशीला घाई अजिबात खपत नसे. शाळेची घंटा कानावर आली तरी प्रत्येक पोराचा पट्टा ओढून बघितल्याशिवाय तिचा पाय पायडलवर पडायचा नाही. आम्ही कालवा केला की म्हणायची, "शाळा काय पळून जाऊन राह्यली का?"

जाफराबादजवळच्या आमच्या वस्तीवरून ती सकाळी तीनचाकी सायकलगाडीत दुधाचे कॅन घालून गावात न्यायची आणि त्याच गाडीतल्या फळ्यांवर आम्हा पोरांना बसवून शाळेत सोडायची. पट्टे तिने स्वतःच्या पलंगाची नवार उसवून केले होते. तेव्हापासून ती सगळ्यांचीच नवारमावशी झाली. पलंगाचा नुसता सांगाडा उरला आणि बाई जमिनीवर झोपू लागली. माझी आई म्हणाली, "आक्का, पलंग मोडला की हो तुम्ही!" तर म्हणते कशी, "मला काय होतंय? जमिनीवरून माणूस खाली कुठं पडतंय?"

चाकांच्या आतल्या बाजूने तिने तेलाच्या डब्याचा पत्रा ठोकला होता, आमचे पाय आणि फ्रॉक आऱ्यांत जाऊ नयेत म्हणून. त्याचं कुणाला काही वाटत नसे. अब्रू जायची ती टोपड्यांनी. घरचा कापूस भरून जाड टोपडी तिने शिवली होती आणि गाडीत बसणाऱ्याने ती घालायचीच. तिसरीतला धटिंगण बंड्यासुद्धा तान्ह्या बाळासारखं टोपडं बांधून शाळेच्या फाटकाशी उतरायचा. पोरं फिदीफिदी हसायची. मावशीचं उत्तर ठरलेलं, "हसू दे. हसल्यानं डोकं फुटत न्हाई."

पट्टा आपला आपण बांधायचा नाही, शेजारच्याचा बांधायचा, हा आणखी एक कायदा. "आपली गाठ माणूस ढिली मारतं, दुसऱ्याची बराबर मारतं," असं तिचं म्हणणं. बंड्याची गाठ मी इतक्या प्रेमाने आवळायची की तो कळवळायचा.

मी तिसरीत असताना एका सकाळी नाल्याच्या उतारावर समोरून भरधाव जीप आली. मावशीने गाडी कडेला घेतली, चाक घसरलं आणि गाडी कलंडली. कॅन घरंगळले, सगळं दूध रानात गेलं. आम्ही मात्र वेलाला शेंगा लोंबाव्यात तसे पट्ट्यांना लोंबकळत होतो. बंड्याचं डोकं दगडावर आपटलं, तर तो डोकं चोळत विचारतो, "मावशे, टोपडं फाटलं का गं?" तिच्या कोपरातून रक्त येत होतं. तिने एकेकाचं डोकं, हातपाय चाचपून बघितले. कुणाला ओरखडासुद्धा नव्हता. मग ती रस्त्यातच बसली आणि आमच्यापेक्षा मोठ्याने रडली.

संध्याकाळी वस्तीवर एकच बोलणं, "पण उलटलीच ना गाडी!" पोरं वाचली कशाने, हे कुणी विचारलं नाही. सगळ्यांनी आपापली लेकरं गावात जाणाऱ्या भाड्याच्या जीपमध्ये घातली. त्या जीपच्या मागच्या बाजूला पोरांचे पाय बाहेर लोंबायचे. मला त्या मोठ्या माणसांचा आजही राग येतो. दुसऱ्या दिवशी मावशी वेळेवर आली, पण एकाही दारातून कुणी बाहेर पडेना. आईने मला दप्तरासकट तिच्यापुढे उभं केलं.

"तुला भ्याव वाटत न्हाई का गं?" मावशीने आईला विचारलं.

"वाटतंय, आक्का. म्हणून तर तुमच्याकडं आणली."

मावशीने मला फळीवर बसवलं. टोपडं बांधून तिने गाठ दोनदा ओढून बघितली.

एकाच पोरीच्या वजनाने गाडी एका बाजूला झुकायची, म्हणून समोरच्या फळीवर ती सरकीचं पोतं ठेवू लागली. त्यालाही पट्टा बांधायची. चौथी होईपर्यंत मी आणि ते पोतं, दोघंच प्रवासी.

पाचवीला मला जालन्याला मामाकडे ठेवायचं ठरलं. मामा न्यायला आला. एसटी स्टँडवर आम्हाला सोडायला गाडी मावशीचीच. ती बसमध्ये चढली, माझ्या सीटच्या मागे-खाली हात घालून काहीतरी चाचपू लागली. "हितं पट्टाच न्हाई?" तिने कंडक्टरला विचारलं. तो हसला, मामाही हसला. मावशीने माझे दोन्ही हात पुढच्या सीटच्या दांडीवर ठेवले, वरून आपल्या तळव्यांनी घट्ट दाबले आणि म्हणाली, "आता तुझं तूच धरून बस, माय."

बस सुटली. मला रडू आवरेना. मावशी खिडकीबरोबर चालत राहिली, मग पळू लागली. मी तिच्याकडे बघत होते. ती मात्र माझ्या तोंडाकडे बघतच नव्हती, माझ्या हातांकडे बघत होती.