सायीवरचा बोका

माझे सासरे अन्न तपासणाऱ्या प्रयोगशाळेत स्वयंपाकी आहेत. बाजारातलं अन्न शिजवायचं, लहानांचं, तरुणांचं, म्हाताऱ्यांचं अशी वेगवेगळी ताटं वाढायची आणि सगळी मिक्सरमधून काढून तपासायला द्यायची, हे त्यांचं काम. "माझ्या हातचं कोणी खात नाही, त्यामुळे नावंही ठेवत नाही," म्हणतात.

घरी मात्र नातीच्या दुधावरची साय ते रोज स्वतः मटकावतात. ती त्यांना बोका म्हणते. परवा माझंच डोकं फिरलं.

"बाबा, पोरीच्या तोंडची साय कशाला पळवता?"

"कचरा जाळला की डायॉक्सिन नावाचं विष निघतं. ते फिरून आपल्या खाण्यात येतं आणि सायीसारख्या स्निग्ध पदार्थांत मुरतं," ते म्हणाले. "अंगात शिरलं की वर्षानुवर्षं हलत नाही. चमचा तोच, पण तिचा जीव माझ्या पावपट. आणि तिला अजून अख्खं आयुष्य काढायचंय."

"मग टाकून द्या ना."

"साय टाकवत नाही गं."

त्यांनी मिशी पुसली.

"नात म्हणजे दुधावरची साय म्हणतात ना? ती साय जपायची, म्हणून ही खातो."