डोळ्यांदेखत सही

सेजफोर्डमध्ये कुणाला काही लपवायचं असेल तर त्याने अर्लीन हॅगर्टीच्या वाऱ्यालाही उभं राहू नये. बाईला विचारायची खोड. तीस वर्षं शाळेची बस चालवली, तेव्हाही आरशातून मागे बघत एकेकाची चौकशी चालायची. निवृत्त झाल्यावर ती खोड कामी आली आणि अर्लीन सह्या गोळा करायला लागली. आमच्या ओरेगनात कायदा आमदारांनीच आणावा असं थोडंच आहे! पुरेशा मतदारांच्या सह्या आणा, प्रस्ताव थेट नोव्हेंबरच्या मतपत्रिकेवर.

शहरातली पगारी माणसं बाजाराच्या दारात तासाला वीस-पंचवीस सह्या घेतात म्हणे. अर्लीनच्या होतात सहा. कारण आधी ती प्रस्ताव वाचायला लावणार आणि मग विचारणार, "का करतोयस सही?" कुणी "तू म्हणतेस म्हणून" म्हणाला की हातातलं पेन काढून घेतलंच! ऑक्टोबरात मतदारांची जाडजूड पुस्तिका टपालाने घरोघर आली की मग तर विचारूच नका. कोण बाजूने, कोण विरुद्ध, सगळं ती पेन्सिल घेऊन वाचायची. आमच्याकडे मतपत्रिकाही टपालाने घरीच येते, तेव्हा निम्मं गाव ती पुढ्यात घेऊन तिला फोन करायचं, "अर्लीन, या पस्तीस नंबरला 'हो' म्हटलं की काय होतं गं?" ती समजावून सांगायची. मत काय द्यावं, हे मात्र मेली तरी सांगायची नाही.

यंदाचा प्रस्ताव मात्र तिच्या काळजातला होता. लांबच्या गावांतल्या अॅम्ब्युलन्सचा खर्च राज्याने उचलावा, एवढीच मागणी. सेजफोर्डचं अॅम्ब्युलन्स केंद्र चार वर्षांपूर्वी बंद पडलं. त्यासाठीचा जादा कर गावानेच मतदानात पाडला, नऊ मतांनी. पाडणाऱ्यांचा म्होरक्या अर्लीनचा थोरला दीर, ड्वेन. "खिशात हात घालू देऊ नका," असं सांगत तो दारोदार हिंडला होता. पुढच्याच वसंतात अर्लीनच्या नवऱ्याला, लॉइडला, गोठ्यात छातीत कळ आली. अॅम्ब्युलन्स पोचायला एकाहत्तर मिनिटं लागली आणि तोवर सगळं संपलं होतं. त्या दिवसापासून अर्लीनने दिराचं तोंड पाहिलं नव्हतं. दुकानात समोर आला तर ही दुसऱ्या रांगेत.

जूनचा शेवटचा शनिवार होता. शेतकरी संघाच्या हॉलात पॅनकेकचा नाश्ता होता आणि सोमवारी सह्यांचे कागद पाठवायचे होते. एका कागदावर दहा ओळी. खाली सह्या घेणाऱ्याने लिहून द्यायचं असतं की या सगळ्या सह्या माझ्या डोळ्यांदेखत झाल्या. ते खोटं निघालं तर तुरुंगाची हवा. शिवाय तपासणीला सगळ्या सह्या घेत नाहीत, मधूनमधून उचलतात. त्यांत एक सही बाद ठरली की तिच्यापायी पंधरा-वीस खऱ्या सह्या बुडाल्याच म्हणून समजा.

सहा सह्या झाल्या होत्या. तेवढ्यात दाराशी दोघं रँचवाले भांडायला लागले, कुणाचा तरी बैल चर्चच्या पायऱ्या चढून वर कसा गेला यावरून. आता असला विषय आणि अर्लीन जागेवर बसेल? कागद टेबलावर सोडून गेली की ऐकायला! बैल पाव खायच्या लालचीने चढला हे समजल्यावरच दहा मिनिटांनी परतली.

बघते तर कागदावर नऊ सह्या.

सातवी खतवाल्या मर्लची, आठवी ट्रूडीची. ट्रूडी पलीकडेच पॅनकेक भाजत होती.

"मर्ल, इकडे ये," अर्लीन म्हणाली. "मी नसताना सही केलीस?"

"अगं, मग बिघडलं काय? हात माझा, नाव माझं!"

"पण डोळे माझे नव्हते ना."

तिने खालच्या तिन्ही ओळी आडव्या खोडल्या, बाजूला आपली आद्याक्षरं घातली आणि नवा कागद काढला. मर्लने कुरकुरत पुन्हा सही केली. "बघ हं, नीट बघ. चष्मा पुसून देऊ?" ट्रूडी पिठाच्या हाताने आली आणि हसत हसत सही करून गेली.

नववं नाव होतं ड्वेन हॅगर्टी.

"हा कधी आला?" अर्लीनने विचारलं.

"सिरपचा डबा ठेवून गेला मघाशी," ट्रूडी म्हणाली. "सही करताना नाही बाई बघितलं मी."

कुणी चेष्टा केली असेल का? ओळ खोडून झाली होती, विषय संपला होता. पण अर्लीनला ते गप्प बसू देईना. कर पाडण्यासाठी जीव टाकणारा माणूस या कागदावर कसा? तिने पॅनकेक तसाच ठेवला आणि गाडी काढली. चौदा मैल.

ड्वेन कुंपणाची तार ताणत होता. तिला बघून त्याने पक्कड खाली केली.

"ही तुझी सही?" तिने खोडलेली ओळ त्याच्यापुढे धरली. "की कुणी टवाळकी केली?"

"माझीच."

"मग चोरासारखी का?"

"तू जाशील म्हणून वाट बघत होतो," तो म्हणाला. "तुझ्यासमोर सही करायला हात धजला नसता माझा."

"मी बघितली नाही, म्हणून ती धरत नाहीत. हवी असेल तर आत्ता कर. माझ्यासमोर."

ड्वेनने पक्कड खिशात घातली आणि म्हणाला, "लॉइडला मी मारलं असं वाटतं ना तुला?"

"वाटतं," अर्लीन म्हणाली. कशाला खोटं बोलेल ती!

"मलाही वाटतं."

त्याने कागद ट्रकच्या बॉनेटवर ठेवला. एकेक अक्षर सावकाश काढत त्याने नाव लिहिलं, तारीख घातली. अर्लीनला बघणं भागच होतं. किती म्हातारा झाला होता हा. हनुवटी तर हुबेहूब लॉइडची. तिच्या डोळ्यांना धार लागली, पण नजर काढायची सोय नव्हती.

"धरतील आता?" त्याने विचारलं.

"धरतील." तिने बाहीने डोळे पुसले. "ड्वेन, ऐक. त्या कराच्या वेळी लॉइडनेही 'नाही'वरच खूण केली होती. आमच्या जेवणाच्या टेबलावर, माझ्यासमोर. मतपत्रिकेचं पाकीट मीच पेटीत टाकलं. कुणाला बोलले नाही मी. तुझ्यावर चिडणं सोपं होतं रे. त्याच्यावर कशी चिडू?"

ड्वेन ट्रकला टेकला. टोपी काढून बॉनेटवर ठेवली त्याने.

"कोरे कागद आहेत?" त्याने विचारलं. "उद्या रविवार, सगळे घरी असतील. त्या वेळी जिथे जिथे गेलो होतो, त्याच घरांत जातो."

"सोपं नाही हं. सही करणाऱ्याकडे बघत उभं राहावं लागतं. मान खाली घालून चालत नाही."

"तुझ्यासमोर उभा राहिलो ना?" ड्वेन म्हणाला. "आण इकडे."