रस्त्यावरून शिकवलेल्या कुंड्या

डोणगावच्या मुलींच्या शाळेत नोकरी लागली तेव्हा मी अठ्ठावीस वर्षांची होते आणि पहिल्यांदाच एकटी राहत होते. गावाच्या कडेला भाड्याच्या दोन खोल्या, पुढे लहानसं अंगण. शाळेत सगळ्या मला ‘बाई’ म्हणत. माझं नाव महिनोन्महिने माझ्या कानावर पडत नसे. रविवारी दिवस कलताना एकदम लक्षात यायचं, की सकाळपासून आपण तोंडच उघडलेलं नाही.

सोबत म्हणून मी डालड्याच्या रिकाम्या डब्यांत मोगरा, तुळस, गुलाब असं काहीबाही लावलं. पण उन्हाळ्यात पत्रा इतका तापला की मुळं आतल्या आत शिजली. निम्मी झाडं गेली.

शाळेत तेव्हा नव्या खोलीचं बांधकाम सुरू होतं. तिथल्या साठीतल्या मिस्त्रींना मी विचारलं, “मिस्त्री, सिमेंटची कुंडी घरी करता येते का हो?”

“येते ना. काऊन नाही येणार?”

सिमेंट तेव्हा सरकारी परमिटवरच मिळायचं. पण एका पोत्याला ओल लागून गोळे झाले होते, ते बांधकामाच्या उपयोगाचं राहिलं नव्हतं. मुख्याध्यापिकांना विचारून ते मी घेतलं. सुट्टी झाल्यावर मिस्त्री स्वतः अंगणात आले. गोळे चाळून एक वाटा सिमेंट, तीन वाटे रेती, पाण्यात कालवून माल. जुन्या बादलीला आतून तेलाचा हात, बुडाशी माल, पाणी निघायला त्यात पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीची, काडी उभी. मधोमध कागद गुंडाळलेला डबा, आणि भोवतीच्या फटीत माल ठासून भरायचा.

दुसऱ्या दिवशी शाळेला जाण्याआधी मला धीर निघाला नाही. बादली उपडी करून ठोकली, तर कुंडी दोन तुकडे होऊन हातात आली.

त्या संध्याकाळी ते पुन्हा आले, तुकडा बोटांनी चुरून बघितला. “घाई केली बाई तुम्ही. दोन दिवस त्याले हातच लावू नका. काढल्यावर सात दिवस ओलं गोणपाट टाका, पाणी पाजत राहा. मंगच ते पक्कं होते.”

ते गेल्यावर घरमालकीण दारात आल्या. “मी काही म्हणत नाही बाई. पण एकटी बाई अन् घरात परका माणूस, लोकं बोलून राह्यले.”

रात्रभर अपमानासारखं काहीतरी छातीत राहिलं. दुसऱ्या दिवशी मिस्त्रींना काय आणि कसं सांगावं हे मला सुचेना. पण बहुतेक त्यांच्याही कानावर गेलं असावं. संध्याकाळी घरी जाताना ते रस्त्याच्या पलीकडच्या कडेला उभे राहिले आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले, “बाई! नवा माल कालवला का?”

त्यानंतर रोज तसंच. “माल पातळ झाला, रेती टाका!” “गोणपाट वाळलं का पाहा!” “नव्या कुंडीत लगेच झाड लावू नका, खार असते! चार दिवस पाणी भरून ठेवा, मंग फेकून द्या!” येणारे-जाणारे थांबून ऐकत, हसत. लोकांचं बोलणं हळूहळू बंद झालं. एकदा मी म्हटलं, “मिस्त्री, चहा तरी घ्या.”

“घरी जाऊन राह्यलो बाई,” ते म्हणाले आणि गेले. अंगणाचं फाटक त्यांनी पुन्हा कधी ओलांडलं नाही.

मधल्या सुट्टीत मी पाच मिनिटं धावत घरी जाऊन कुंड्यांवर पाणी मारून येत असे. कुणीतरी आपली वाट बघतंय असं वाटायचं. दिवाळीपर्यंत चार कुंड्या उभ्या राहिल्या.

मग शाळेची खोली पूर्ण झाली. दोन दिवस रस्त्यावरून हाक आली नाही, तेव्हा मी शिपायाला विचारलं. तो म्हणाला, “त्याले उंद्रीकडं काम भेटलं. परवाच गेला.”

त्या आठवड्यात मी पाचवी कुंडी केली. काठ एकसारखा, कुठे पोकळी नाही, चीर नाही. सगळ्यांत चांगली तीच झाली. मी तिच्याभोवती दोनदा फिरले. मग रस्त्याकडे पाहिलं. एक बैलगाडी गेली, तेवढंच.

तीन वर्षांनी बदलीचा हुकूम आला, दुसरबीडला. चार कुंड्या घरमालकिणीला दिल्या. मोगरा लावलेली पाचवी मात्र मी एसटीवर चढवायला लावली. दोन माणसांना उचलेना, तेव्हा कंडक्टर वैतागला, “याच्यात काय हाय बाई?”

“झाड.”

“एका झाडासाठी एवढं वजन?”

दुसरबीडच्या थांब्यावर त्यांनी ती खाली ठेवली आणि गाडी गेली. तिथं मला ओळखणारं कुणी नव्हतं. बैलगाडी मिळेपर्यंत तासभर मी ट्रंकेवर बसून राहिले, एक हात कुंडीच्या काठावर ठेवून. ऊन चढत होतं, आणि सिमेंट अजून गार होतं.