डब्यातला जोतिबा

आमच्याकडे दूध घालणाऱ्या झुंबराक्का कधी कडी वाजवत नसत. गल्लीच्या तोंडापासूनच त्यांची हाक येई, "वैनी, भांडं!" त्या दिवशी मी पोह्यांना फोडणी टाकत होते आणि पुढच्या दाराची कडी वाजली. उघडलं तर आक्का. हातात दुधाची चरवी नव्हती. पदराखाली झाकणाचा पितळी डबा होता, दोन्ही हातांनी पोटाशी धरलेला.

"चिंच हाय का घरात? जुनी असली तरी चालंल."

"आहे की. पण आज दूध?"

"दूध मालक घिऊन येत्यात. मला जरा मोरीवर बसू द्या. आमच्यात पावणं भरल्यात, पाय ठेवाय जागा न्हाय."

पाहुणे होते ते लग्नाचे. त्यांच्या धाकट्या बंडूचं लग्न आदल्या दिवशी राधानगरीकडे, मुलीच्या गावी लागलं होतं. वऱ्हाड रात्रीच परतलं होतं, नवरा-नवरी दुपारच्या एसटीने यायची होती.

मंगळवार पेठेत आक्कांचा दरारा होता. म्हशीच्या अंगाला कुणी हात लावलेला त्यांना खपत नसे आणि दुधात पाणी आहे का, असं विचारणाऱ्याची तर गल्लीत शोभाच व्हायची. शुक्रवारी आम्ही बायका अंबाबाईला निघालो की सगळ्यांत पुढे आक्का. देवळाच्या दाराशी मात्र त्या थांबत. "जावा तुमी. चपला मी राखते." बायका म्हणायच्या, किती हो हिचं मन मोठं! मला ते पटत नसे. सगळीकडे पुढे असणारी ही बाई नेमकी इथेच मागे का राहते? पण विचारून सांगणाऱ्यातल्या त्या नव्हत्या. मी विचारलं नाही.

मोरीवर बसून त्यांनी झाकण उघडलं. हिरवट पाण्याच्या तळाशी जोतिबा होता, अंबाबाईचा टाक होता, बोटभर बाळकृष्ण होता.

माझ्या हातातली चिंच हातातच राहिली. "आक्का, देव पाण्यात? कधीपासून?"

"थोरला दवाखान्यात होता तवापासनं."

थोरला म्हणजे जोतीराम. तो विषमज्वराने गेला त्याला तेव्हा आठ वर्षं झाली होती.

"त्याला ताप चढला तवा ह्यास्नी डब्यात घातलं. म्हणलं, माझं पोरगं हिंडाय-फिराय लागलं म्हंजेच भाईर काढीन. ते काय हिंडलं न्हाय. मग मी कशाला काढू? पाणी आटलं की भरत गेले."

"पण रोज तुमच्याकडून उदबत्तीचा वास येतो. घंटा ऐकू येते."

"येणारच की. देव्हाऱ्यात फोटू हाईत. पडदा वढायचा, आत बसायचं, घंटी वाजवायची आन् उठायचं. मालक साऱ्या गावाला सांगत्यात, आमची मंडळी लई देवाधर्माची." त्या हसल्या, पण बोटं जोतिबाच्या पाठीवर चिंच घासतच होती. "आज सून येतीया. तिला देवापुढं बसवून काय सांगू? पडदा वढाय शिकवू?"

मी शेजारी पाटावर बसले, पाणी घालत राहिले. हिरवा थर सुटू लागला, खालचं पितळ दिसू लागलं. मला आपली व्यवहारी बुद्धी सुचली. "आक्का, पाहुणे जेवायला बसले की हळूच ठेवून द्या. कुणाला काही कळायचं नाही."

त्यांनी मान वर करून माझ्याकडे असं पाहिलं की मी पाण्याचा तांब्या खाली ठेवला.

"वैनी, कालिजात जाऊन आलेल्या तुमी, आन् असं बोलता? आजपतोर तेच केलं की मी! हळूच ठेवलं, हळूच भरलं. आता हळूच कायबी न्हाय."

"पण शब्द मोडला म्हणून देव कोपला तर?"

"कोपू दे. मी एवढी वर्सं कोपलेच हाय. त्यानं सोसलंच की."

त्यांनी मला हाताला धरूनच घरी नेलं. सोप्यात पाहुण्यांचा चहा चालला होता. आक्कांनी सरळ देव्हाऱ्याचा पडदा खिळ्यावरून ओढून काढला, डबा मधोमध ठेवला आणि जे मला सांगितलं तेच सगळ्यांना खणखणीत आवाजात सांगितलं. कपबश्या जिथल्या तिथे थांबल्या.

त्यांच्या जाऊबाई, शालूबाई, कपाळाला हात लावून म्हणाल्या, "आगं बया! म्हंजे दर सणाला आमी पुरणाचा निवद दाखवला त्यो नुसत्या फोटूला?"

"व्हय. आन् मागनं खाल्ला तुमीच."

कुणीतरी फिसकन हसलं. आक्कांचे यजमान सयाजीराव हसले नाहीत, रागावलेही नाहीत. खुंटीवरची टोपी काढून त्यांनी डोक्यावर घातली, आत जाऊन पाण्याचा तांब्या आणला आणि बायकोच्या शेजारी मांडी घालून बसले.

आक्कांनी एकेक देव उचलला, पदराने पुसला, जागेवर ठेवला. जोतिबाला ठेवायला मात्र वेळ लावला. तळहातावर घेऊन त्या त्याच्याशी बोलल्या, म्हशीशी बोलत तशा, मोठ्यानं.

"तुझंच नाव ठेवलतं त्याला. मागितलं ते दिलं न्हाईस. मी रागावले आन् तुला डब्यात घालून आपणच लपून बसले. राग अजून गेला न्हाय, खोटं कशाला बोलू? घरादाराचं आमचं आमी बघतो, त्यातलं काय मागत न्हाय. रोज सकाळी तुला पाणी घालताना मी माझ्या जोतीरामाचं नाव घेणार. तेवढं ऐकून घे."