पंचवीस ग्रॅमचा लाडू

डॉक्टर म्हणाले, "महिन्यात दोन किलो उतरवा." मी आमच्या तारनाका भागातल्या रस्त्यांवर रोज पाच किलोमीटर चालू लागलो. त्यासाठी खजूर, शेंगदाणे, तीळ कुटून घरीच लाडू वळले, प्रत्येक लाडू काट्यावर तोलून पंचवीस ग्रॅमचा. चालण्याआधी एकच खायचा. मोह नको म्हणून उरलेले डबाभर शेजारच्या भाभींना दिले. "खाली डब्बा कैसा भेजना, भाईसाब?" म्हणत त्यांनी त्याच डब्यातून साखरेत शिजवलेले जर्दाळू पाठवले, वर मलई. अन्न टाकवेना. असं दर आठवड्याला झालं. महिन्याने वजन किलोभर वाढलं. मी डॉक्टरांना लाडवांचे ग्रॅम सांगत होतो, तेवढ्यात बायको म्हणाली, "अहो, जर्दाळूंचेही सांगा की!" ते मी कधी तोललेच नव्हते.